आईने कबुली देऊ नये म्हणून

मी, चैताली चिमाजी भोये, वय एकोणीस, राहणार मोहाचा पाडा, तालुका पेठ, जिल्हा नाशिक, धंदा द्राक्षबागेत मजुरी, सध्या मुक्काम नाशिकमधल्या एका दवाखान्याचा बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते हृदय. त्याची एक झडप नीट मिटत नाही, ती सोमवारी बदलणार आहेत. मी कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही, कुणी मला फसवून लिहून घेत नाही. फक्त रागात आहे. रागात लिहिलेलं चालतं का, असं मी शेजारच्या खाटेवरच्या ज्योत्स्नामावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "रागाला कायद्यात बंदी नाही. अक्षर लागलं पाहिजे."

ज्योत्स्नामावशी नाशिकरोडच्या. दस्त नोंदवतात त्या ऑफिसात त्या रिटायर होईपर्यंत कारकून होत्या. त्यांच्या उशाशी बुद्धाचा छोटा फोटो आहे. त्या मला कायद्याची वाक्यं सांगतात आणि मी ती लिहिते. जिथे मराठी कडक वाटेल ती त्यांची, बाकीची माझी.

मी फार बोलत नाही. आठवीत शाळा सोडली ती बाबा वारले म्हणून, पण खरं सांगायचं तर मला थोडं बरंच वाटलं होतं. आश्रमशाळेत रोज कुणालातरी उभं करून धडा वाचायला लावायचे. माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतच जायचा. आमच्या प्रार्थनेच्या मंडळीतही तेच. साक्ष द्यायला उभी केली की पास्टर म्हणायचे, "चैताली, मोठ्याने, देव ऐकतो पण मागच्यांना ऐकू जात नाही." सगळे हसायचे. म्हणून हे लिहून देते. कागदाला मोठ्याने बोलावं लागत नाही.

कलम १. हे मृत्युपत्र अमलात आणायला मी राकेशला नेमते. तो माझ्या भावाचा, दिनेशदादाचा दोस्त. टेंपो चालवतो, मंडळीत ढोलकी वाजवतो. त्याने हो म्हटलंय. आधी म्हणाला, "असलं अभद्र कशाला लिहितेस, सोमवारी बरी होशील." मी म्हणाले, बरी झाले तरी लिहायचंय. तेव्हा तयार झाला.

कलम २. आमच्या पाड्यावर प्रार्थनेची शेड आहे, तिच्यावरचे पत्रे माझे आहेत. मी आणि दिनेशदादाने दिंडोरीकडच्या बागांमध्ये काम करून ते आणले होते, आमच्या घरावर टाकायला. आईने ते शेडला देऊन टाकले. म्हणाली, आपण चौघंच भिजतो, तिथे सगळे भिजतात. तेव्हा आम्ही खरं तर तिघंच उरलो होतो, पण ती बाबांना धरूनच बोलायची. घर अजून गळतं.

ते पत्रे मी मंडळीला कायमचे देते. काढून न्यायचे नाहीत. पण त्या पत्र्यांखाली माझी आई, चांगुणा चिमाजी भोये, हिने पुढच्या चटईवर बसायचं. दारापाशी नाही. हे मान्य नसेल तर राकेशने पाना घेऊन वर चढावं. नटबोल्ट दिनेशदादानेच बसवलेत, कुठे काय आहे ते राकेशला माहीत आहे.

आई दारापाशी का बसते हे नवीन वाचणाऱ्याला कळणार नाही, म्हणून लिहिते. ज्यांना माहीत आहे त्यांनीही वाचावं, कारण त्यांना चुकीचं माहीत आहे.

बागेत डिपिंगचं काम असतं. औषधाच्या मगात द्राक्षाचा एकेक घड बुडवायचा. दोघांनी मिळून एक ओळ धरायची, आणि ती संपली की टोकाच्या तारेला लाल दोरा बांधायचा. नाहीतर दुसरी जोडी येऊन तीच ओळ पुन्हा बुडवते आणि घड जळतात. दोरा ठेवायला जागा नसते. हात दोन्ही ओले, खिशात घातला की गुंता होतो. म्हणून सगळे तो मनगटाला गुंडाळतात आणि लागेल तसा कापतात. आमच्या टोळीतल्या सगळ्यांच्या हाताला डिपिंगच्या दिवसात लाल दोरा असतो. मुकादमाच्याही.

२०२४ च्या नाताळाआधी दिनेशदादा बागेतून ताप घेऊन घरी आला. पास्टर प्रफुल्ल आमच्याकडे आले. डोंगर चढून पायी आले, हेही लिहिते, कारण ते खरं आहे. त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला, स्वतःची शाल त्याला पांघरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा उठणार. मला देवाने दाखवलंय. दवाखान्याची घाई करू नका, विश्वासाने वाट पाहा." आम्ही वाट पाहिली. मग ताप डोक्यात गेला, आईने राकेशचा टेंपो बोलावला, आणि नाशिकला पोचल्यावर दादा गेला.

त्याला घरी आणलं. आमच्यात पुरायच्या आधी अंघोळ घालतात. अक्काबाई, मंडळीतली सगळ्यात जुनी बाई, ती दादाचा हात धुवायला वाकली आणि थांबली.

"चांगुणा, ह्यो दोरा कुनाचा?"

 आईला त्या वेळी स्वतःचं नावसुद्धा सांगता आलं नसतं.

मी म्हणाले, "बागेतला हाय."

"काय म्हनलीस? मोठ्यानं बोल."

"बागेतला. ओळीचा."

पास्टर दारात उभे होते. ते म्हणाले, "पोरीला त्रास देऊ नका." झालं. माझं बोलणं त्रासात जमा झालं.

दोरा भगताचा ठरला. आईने पोराला भगताकडून दोरा बांधून आणला, देवाला सोडलं, म्हणून देवाने हात काढून घेतला, असं ठरलं. हे ज्यांनी ठरवलं ते सगळे आमच्याबरोबर बागेत येतात. त्यांच्या मनगटांना तसलाच दोरा त्याच रिळातला होता. अक्काबाईचा स्वतःचा जावई हाताला दोरा असताना माझ्यासमोर उभा राहून "अरेरे" म्हणाला.

मला आता कळतं की पास्टरांनी "हा उठणार" म्हटलं होतं आणि तो उठला नव्हता, त्याला काहीतरी कारण पाहिजे होतं. देव खोटा म्हणता येत नाही, पास्टर खोटे म्हणता येत नाही. मग उरली आई.

कलम ३. माझी शेळी, पांढऱ्या कानाची, आणि तिला पुढे जी होतील ती, आईला.

कलम ४. माझा मोबाईल आईला. काच फुटलेली आहे पण चालतो. त्यात दिनेशदादाचा आवाज आहे. तो विंचूरकडे कामाला गेला होता तेव्हा पाठवायचा. एकात नुसतं म्हणतो, "चैते, आईला सांग जेवलो." आईला लावता येत नाही, राकेशने शिकवावं. रोज लावायला लागली तर थांबवू नये.

कलम ५. माझी थिनिंगची, म्हणजे घडातले मणी विरळ करायची कात्री आणि औषधाचा मग आमच्या पाड्यावरच्या धोंडीरामबाबाच्या नातीला. ती पुढच्या हंगामात पहिल्यांदा येणार आहे. कात्री डाव्या हाताची आहे, तीही डावरी आहे.

कलम ६. पास्टर प्रफुल्ल यांना मी लाल दोऱ्याचं अर्धं रीळ देते. ते माझ्या पिशवीत चटणीच्या डब्याखाली आहे. अट अशी की त्यांनी एक दिवस आमच्या टोळीबरोबर बागेत यावं, एक ओळ डिपिंग करावी, आणि उरलेला दोरा कुठे ठेवायचा ते स्वतःच शोधावं. मी बघायला नसेन. पण राकेशने फोटो काढावा.

कलम ७. अक्काबाईबद्दल. मी तिला माफ केलं असं इथे लिहायला पाहिजे, प्रार्थनेत रोज म्हणतेच आपण. पण खोटं लिहिलं तर ज्योत्स्नामावशी म्हणतात दस्त बाद होतो. मी अजून केलेलं नाही. प्रयत्न चालू आहे. बाबा वारले तेव्हा तिने मला एक निळा स्वेटर विणून दिला होता. तो मी परत करणार नाही. तो मला पुरताना घालावा. आमच्या डोंगरावर थंडी असते.

कलम ८. पुरायचं दिनेशदादाशेजारी, आमच्या शेताच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली. मंडळीच्या जागेत नाही. तिथे दादाला घेतलं नाही तर मलाही नको. माझ्या वेळी कुणीही "विश्वास कमी पडला" म्हणायचं नाही. "देवाला चांगली माणसं लागतात" हेही नाही. देवाला चांगली माणसं लागत असतील तर ती त्याने आमच्यातच ठेवावीत, आम्हालाही लागतात. गाणी म्हणावीत, दादा म्हणायचा ती. राकेशने ढोलकी वाजवावी, हळू नाही. रडू आलं तर रडावं. प्रभू स्वतः दोस्ताच्या कबरीपाशी रडला होता, हे पास्टरांनीच आम्हाला शिकवलं. तिथे त्याने कुणाच्या हाताचे दोरे तपासले नाहीत.

आणि मंडळीच्या प्रभुभोजनाबद्दल. आमच्याकडे पाव मिळत नव्हता तेव्हापासून आई नागलीची भाकर भाजून न्यायची. तीच मोडून सगळ्यांना द्यायचे. रस मी करायची, बागेतून खाली पडलेले घड आणून, उकळून, फडक्याने गाळून. हंगाम नसला की मनुके भिजवून. माझ्या जन्माच्या आधीपासून आईची भाकर होती. दादा गेल्यावर पास्टर म्हणाले, चांगुणाबाईंनी काही दिवस आराम करावा. आता अक्काबाई पेठहून पावाची लादी आणते. पावसाळ्यात तिला बुरशी येते. बुरशीचा पाव चालतो, माझ्या आईचे हात चालत नाहीत.

मी त्या दिवसापासून रस करणं बंद केलं. कुणी विचारलं नाही का. बाटलीतलं लाल सरबत आणतात.

कलम ९. हे कलम महत्त्वाचं आहे. यासाठीच सगळं लिहायला घेतलं.

परवा पास्टर मला भेटायला इथे आले. खाटेपाशी उभं राहून प्रार्थना केली, चांगली केली, मला रडू आलं. मग ते आईला बाजूला घेऊन गेले. पडद्यामागे उभे होते. पडदा म्हणजे कापड, त्यांना वाटलं भिंत आहे.

ते म्हणाले, "चांगुणाबाई, पोरीचं मोठं ऑपरेशन आहे. मध्ये अडथळा नको. रविवारी मंडळीसमोर उभ्या राहा, दोरा बांधला होता म्हणून मोकळेपणाने सांगा. मग सगळी मंडळी उपास धरेल, पोरीसाठी एकदिलाने मागेल. आता लोकांची तोंडं एका बाजूला नाहीत."

आई म्हणाली, "येते."

ते गेल्यावर मी आईला विचारलं, "तू बांधला होतास का?"

"नाय."

"मग काय सांगणार आहेस?"

"बांधला म्हनून सांगनार. काय जातंय गं माझं? जीभ माझी, जीव तुझा."

मी सांगितलं की मला खोट्यावर मिळालेली प्रार्थना नको. ती म्हणाली, "तू झोप." माझा आवाज तिच्यापर्यंतसुद्धा कधी जात नाही.

म्हणून कायद्याच्या भाषेत लिहिते, ज्योत्स्नामावशींनी सांगितल्याप्रमाणे. माझ्या आईने येत्या रविवारी किंवा त्यानंतर कधीही, मंडळीसमोर किंवा पास्टरांसमोर, दोरा बांधल्याची कबुली दिल्यास, कलम तीन व चार आपोआप रद्द समजण्यात यावीत. शेळी विकून येईल त्याची बुरशीच्या पावाच्या जागी बिस्किटं आणावीत. मोबाईल माझ्याबरोबर पुरावा.

हे कलम एका दमात लिहिलं. अक्षर वाईट आलंय, पण लागतं.

इथपर्यंत लिहून झालं होतं. नंतरचं दुपारी लिहिते, कारण मध्ये धोंडीरामबाबा आला.

धोंडीरामबाबा म्हणजे आमच्या पाड्याचा भगत. हो, तोच. ज्याचा दोरा म्हणतात तो. राकेशच्या टेंपोतून खाली उतरला, हातात पिशवी, पिशवीत करवंदाचं लोणचं. वॉर्डात शिरताना चपला बाहेर काढल्या. नर्स म्हणाली, "बाबा, चप्पल घाला, हे देऊळ नाही." तो म्हणाला, "मानसं झोपलीत ना आत." आणि तसाच आला.

"काय लिवतेस पोरी?"

"मृत्युपत्र."

"कुनाचं?"

"माझं."

"मग मला शेळी दे. पांढऱ्या कानाची."

"ती आईला दिली."

"आनि मला काय?"

"तू साक्षीदार हो."

ज्योत्स्नामावशी तिकडून म्हणाल्या, "बाबा, साक्षीदाराला काही मिळत नाही. वस्तू घ्यायची तर सही करता येत नाही, सही करायची तर वस्तू सोडायची. नातीला दिलेलं चालतं, तिला कायदा अडवत नाही."

तो विचारात पडला. "अंगठा चालतो?"

"चालतो."

"मग शेळी ऱ्हाऊ दे. खोडील हाय ती तशी पन."

मी त्याला साक्षीदार का म्हटलं तेही लिहिते. दादाला पुरायच्या दिवशी मंडळीतल्या बाप्यांनी कुदळी खाली ठेवल्या होत्या. दोरा बांधलेल्याला आपल्या जागेत घ्यायचं का, याच्यावर सावलीत बसून बोलत होते. पास्टर मध्ये होते, दोन्ही बाजू ऐकत होते. आई दादाच्या पायाशी बसलेली. मी कुणाला काही सांगू शकत नव्हते. तेव्हा हा म्हातारा स्वतःची कुदळ खांद्यावर घेऊन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मला म्हणाला, "जागा दाखीव." मी मोहाच्या झाडाकडे बोट केलं. त्याने खणायला घेतलं. एकटाच. मग राकेश उतरला. मी माती ओढत होते. माझ्या छातीतली धडधड तेव्हापासून वाढली असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीच म्हणते.

मी बागेत, घरात, शेडमध्ये सगळीकडे प्रार्थना केली होती की देवा, तू आहेस ते दाखव. दादा गेल्यावर मला वाटलं तो नाहीच. पण त्या दिवशी मी खाली बघितलं तेव्हा धोंडीरामबाबा छातीपर्यंत खड्ड्यात होता, घामाने ओला, आणि मला म्हणत होता, "बाजूला सर पोरी, माती डोळ्यात जाईल." मला एकदम कळलं, म्हणजे शब्दात नाही कळलं, पण अंगाला कळलं, की देव शेडमध्ये नाहीये आत्ता. तो इथे खाली आहे. माझा विश्वास त्या खड्ड्यातून परत आला. हे मी साक्ष म्हणून उभं राहून सांगितलं असतं तर मला बाहेर काढलं असतं. म्हणून इथे लिहिते. धोंडीरामबाबा त्याच्या देवांना मानतो, माझ्या नाही. त्याला मी हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "मी कसला देव. माझी कंबर धरली व्हती दोन दिस."

मग मी त्याला कलम नऊ वाचून दाखवलं. वाचताना मला बरं वाटत होतं, की बघ कसं चोख लिहिलंय. तो हसला नाही.

"येक चुकलं," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"दोरा बागंतला, ते बराबर. पन ती आली व्हती."

"कोण?"

"तुझी आय. माझ्या दारात. पोराचा ताप चढला तवा. म्हनली, बांध कायतरी."

मी पेन खाली ठेवलं.

"मी म्हनलो, चांगुणा, ह्यो दोऱ्याचा ताप नाय. मी पोराला बघून आलो सकाळी, मान ताठ झालीय त्याची. राकेशचा टेंपो हाय, उचल आनि नाशिकला ने. मी दोरा बांधला असता तर तिनं आनखी वाट बघितली असती. म्हनून नाय बांधला. शिवी दिली मी तिला, तवा उठली."

म्हणजे पास्टर म्हणाले थांब, आणि भगत म्हणाला ने. आणि हे आईने कुणाला सांगितलं नाही. मला नाही, पास्टरांना नाही. सव्वा वर्षभर दारापाशी बसली, ती उगाच नव्हती बसत. तिला वाटत होतं तिची जागा तीच आहे.

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. धोंडीरामबाबाला बघून दारातच थांबली. त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

आईने चहा खिडकीत ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हंजे रविवारी मी खोटं नाय बोलनार. गेले तर व्हते मी. बांधायलाच गेले व्हते."

तेव्हा मी बोलले. कशी बोलले मला माहीत नाही. मी म्हणाले, "गेलीस म्हणून तो नाशिकला पोचला. नाहीतर घरात गेला असता, आपण वाट बघत. पोर जळत असताना आई दारोदार जाणार नाही तर कोण जाणार? तुला जे सांगायचं ते देवाला सांग. त्याने ते कधीच ऐकलंय. त्यांना सांगायचं नाही. त्यांना त्यांच्या शब्दाला टेकू पाहिजे, तुझं मन नको. आणि मला असा देव नकोच जो एका दोऱ्याला घाबरून पोरगं सोडून पळतो. तो माझा देव नाही. माझा देव खड्ड्यात उतरतो."

वॉर्डात सगळ्यांनी माना वळवल्या. पलीकडच्या म्हातारीने कान झाकला. नर्स आली, बोट ओठाला लावून. मशीन वाजायला लागलं, माझंच.

ज्योत्स्नामावशी म्हणाल्या, "आवाज आहे की तुला."

आई खाली बसली, खाटेच्या पायाशी.  मला वाटलं रविवारी जाणारच ही. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि धोंडीरामबाबाला विचारलं, "तुझ्या घरी नागलीचं पीठ हाय का? माझं संपलंय. शनिवारी जाऊन भाजायला लागंल."

"कितीकांची भाकर?"

"सगळ्यांची," आई म्हणाली. "अक्काबाईची पन."

म्हणून खालील बदल करते.

कलम ९ मध्ये "दोरा बांधल्याची" याच्यापुढे "अथवा बांधायला गेल्याची" हे शब्द वाढवावेत. मी ते कलम खोडत नाही. आईची खात्री नाही, ती शेवटच्या क्षणी माझ्यासाठी काहीही बोलेल. शेळीची अट कायम.

कलम १०. रविवारी आई भाकर घेऊन शेडमध्ये जाईल. ती भाकर मोडावी. ज्याला तिच्या हातची चालत नाही त्याने त्या दिवशी प्रभुभोजन घेऊ नये, उपाशी राहावं. पण तिला दारापाशी बसवून भाकर आत घ्यायची नाही. भाकर आणि आई दोन्ही एकदम आत जातील. रस मी इथून करू शकत नाही. राकेशला मनुके आणायला सांगितलेत, पातेलं घरी चुलीमागे आहे. उकळी आली की लगेच उतरवायचं, नाहीतर कडू होतं.

कलम ११. ज्योत्स्नामावशी म्हणतात मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, तोपर्यंत त्याला किंमत नाही. मला ते पटत नाही. मी गेल्यावर आईला पुढे बसवून काय करायचंय, ती तेव्हा कुठेही बसली तरी रडून तिला काही दिसणार नाही. म्हणून हे मृत्युपत्र येत्या रविवारी, मी जिवंत असताना, भाकर मोडायच्या आधी, शेडमध्ये राकेशने उभं राहून वाचावं. पूर्ण. अक्काबाईचं कलमसुद्धा. पास्टरांनी मध्येच "चला, प्रार्थना करू" म्हटलं तर त्यांना सांगावं, झाल्यावर करू. मावशी म्हणाल्या असं कुठल्या कायद्यात बसत नाही. मग म्हणाल्या, "लिही. कुणी कोर्टात जाणार आहे का."

कलम १२. सोमवारी मी वाचले तर हे मृत्युपत्र रद्द होणार नाही. बरी झाल्यावर मी घरी येईन आणि शेडमध्ये पुन्हा वाचीन, या वेळी मी स्वतः. राकेशने काही गाळलं असेल तर तेही. छाती शिवलेली असेल, त्यामुळे मोठ्याने होणार नाही. मला कुणी "मोठ्याने बोल" म्हणायचं नाही. ज्याला ऐकू येणार नाही त्याने उठून जवळ येऊन बसावं. पुढच्या चटईवर जागा आहे. आईच्या शेजारी.

वरील सर्व मजकूर मी वाचला, साक्षीदारांना वाचून दाखवला. आईला अजून दाखवलेला नाही, तिला रविवारी कळेल. ती साक्षीदार नाही, कारण शेळी तिला आहे.

सही: चैताली चिमाजी भोये

साक्षीदार:

१. धोंडीराम, राहणार मोहाचा पाडा, तालुका पेठ. धंदा शेती व भगतकी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. (शाई नव्हती, नर्सच्या पॅडची घेतली. निळी आली.)

२. ज्योत्स्ना, राहणार नाशिकरोड, निवृत्त कारकून. सही. माझ्यासमोर लिहिले, माझ्यासमोर सही केली. लिहिणारीचा आवाज मी ऐकला आहे.

स्थळ: नाशिक
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२६, गुरुवार